मंत्रीमहोदय, पाणी वाटायची रीत कुठल्या रकान्यात लिहायची?

प्रति,
मा. मृद व जलसंधारण मंत्री,
महाराष्ट्र राज्य

महोदय, स. न. वि. वि.

मी साक्री तालुक्यातला निवृत्त ग्रंथपाल. जन्मभर पुस्तकांच्या पाठीवर क्रमांक चिकटवले, त्यामुळे कुठलीही गोष्ट दिसली की ती कोणत्या कप्प्यात जाईल हेच आधी डोक्यात येतं. गेल्या उन्हाळ्यात शेजारच्या तालुक्यातले एक तरुण सरपंच घरी आले. "आबा, नाल्यावरचा जुना बंधारा दुरुस्त करतोय. पण पाणी वाटायचं कसं? तुमच्याकडे फड होते ना?" मी हौसेनं एका कार्यालयातून झालेल्या कामांची यादी मिळवली. लांबी, उंची, अंदाजपत्रकी रक्कम, पूर्णत्वाचा दाखला, फोटोसुद्धा. पाणी कोणी, कोणाला, कधी सोडायचं यासाठी रकानाच नव्हता.

आमच्या पांझरा नदीवरचे फड तीन-चारशे वर्षांचे मानतात. नदीत बंधारा, त्यातून कालवा, कालव्यातून चाऱ्या आणि भिजणाऱ्या शिवाराचे मोठे तुकडे, ते फड. एका फडात एकच पीक. पाणी कमी दिसलं की गाव बसून ठरवणार, यंदा अमुक फड कोरडा. बहुतेकांचं थोडंथोडं रान प्रत्येक फडात असल्यानं झळ वाटून घेतली जायची. माझे आजोबा पाटकरी, म्हणजे गावाच्या वतीनं चाऱ्यांना पाणी सोडणारे. रात्री एका हातात कंदील, खांद्यावर फावडं. एका चारीचं तोंड फोडायचं, दुसरीच्या तोंडात पाचट घालून वर चिखल थापायचा. मालकानं पाण्याला हात लावायचा नाही, मग तो कितीही मोठा असो. "पानी कितलं शे ते पहिले देख, मंग काय पेरानं ते बोल," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. पुढं वर धरणं झाली, मळ्यामळ्यात विहिरींवर मोटारी बसल्या, बरेच फड मोडले. अभ्यासकांनी यावर लिहिलंय, नाही असं नाही. पण ते सरपंचाच्या हाताला लागेल अशा जागी नाही.

अशा उपायांची सूची करून ठेवावी असं मला वाटतं, पण ही कल्पना माझी नव्हे. ब्रुसेल्समध्ये पॉल ऑटले आणि आंरी ला फॉन्तेन या दोघांनी १८९५ पासून जगातल्या छापील ज्ञानाची कार्डं करायला घेतली. ती एक कोटीच्या वर गेली. (आमच्या वाचनालयात सोळा हजार कार्डांना कपाट पुरत नव्हतं.) त्यांनीच १९०७ मध्ये सुरू केलेल्या संस्थेनं १९७२ मध्ये जगाच्या समस्यांचा कोश हाती घेतला, १९७६ मध्ये तो प्रथम छापून आला. पुढं त्याला माणसं त्या समस्यांवर काय काय करतात याची सूची जोडली गेली. मला त्यातलं आवडतं ते हे, की उपाय सुटा लिहून थांबत नाहीत. तो कोणत्या उपायाला हात देतो आणि कोणाच्या आड येतो, तेही नोंदतात.

उपाय कुठे चालतो आणि कुठे अडतो, हे आपल्याकडे कोणी लिहीत नाही. शिरपूरचंच घ्या. तापीच्या गाळाच्या पट्ट्यात पिवळ्या मातीचे थर पाणी खाली जाऊ देत नाहीत. भूवैज्ञानिक सुरेश खानापूरकरांनी नाले रुंद आणि खोल करून ते अडवले, पाणी मुरू लागलं. गाजावाजा झाला, आणि राज्यभर लोकांच्या लक्षात राहिला तो फक्त जेसीबी. खालचा दगड पाणी पिणारा नसेल तर तेवढंच खोदून नुसता हौद होतो. नोंदीत "कोणत्या जमिनीत" हा रकाना असता तर किती डिझेल वाचलं असतं!

आणि आमच्याच तालुक्यातलं बारीपाडा. चैत्राम पवारांना २०२५ मध्ये पद्मश्री मिळाली, त्यामुळे जंगल राखलं हे आता सगळ्यांना ठाऊक. मला तिथली वनभाज्यांची पाककला स्पर्धा जास्त महत्त्वाची वाटते. पानावर भाज्या मांडलेल्या, मागे रांधणाऱ्या बाया, आणि कोणती कशी उकळायची, कोणतीचं पाणी फेकायचं, हे त्या तोंडपाठ सांगतात. ही सूचीच आहे की! फक्त कागदावर नाही.

कागदावर आणताना काय होतं तेही पाहिलंय. २००२ च्या जैवविविधता कायद्यानं गावोगाव लोक-जैवविविधता नोंदवही आली. कल्पना उत्तम. एका गावची वही मी चाळली, तर त्यात शेजारच्या गावची पानं होती, नाव खोडून. उरकायची तारीख आली की असं होतं. म्हणून माझी विनंती तारखेची नाही, रकान्यांची आहे. आपल्या खात्याच्या प्रत्येक कामाच्या नोंदीत चार ओळी वाढवा: पाणी वाटण्याची रीत काय, जमीन कोणती, कोणाचा विरोध होता, आणि बंद पडलं असेल तर कशामुळे. शेवटची ओळ भरणाऱ्याला नोटीस जाणार नाही एवढी हमी द्या, नाहीतर सगळीकडे "निरंक" येईल. १९७२ च्या दुष्काळातली रोजगार हमी १९७७ च्या कायद्यात रीतसर लिहिली गेली, म्हणून २००५ मध्ये देशाला ती उचलता आली. फडाची रीत तशी सरकारी कागदावर कोणी लिहिलीच नाही.

सरपंचांसाठी पहिलं कार्ड मीच केलं. "कशामुळे मोडलं" या ओळीसाठी दोन म्हाताऱ्या पाटकऱ्यांना भेटलो. एक म्हणाला, धरणामुळे. दुसरा म्हणाला, उसाच्या हावरेपणामुळे. दोन्ही लिहिलं. कार्ड संपलं, मागच्या बाजूला लिहितोय.

आपला,
एक निवृत्त ग्रंथपाल
ता. साक्री, जि. धुळे