स्ट्रॉबेरीची मर पाण्याने नाही, रोपातून येते: कृषिमंत्र्यांना खुले पत्र

मा. कृषिमंत्री महोदय,
सप्रेम नमस्कार.

पाचगणीजवळच्या एका गावात मी स्ट्रॉबेरी करतो. ऑक्टोबरात लावलेला विंटर डॉन जातीचा प्लॉट दिवाळीनंतर मर लागून, म्हणजे रोपं सुकून, बसला. पाहणीला आलेल्या साहेबांनी बांधावरूनच नजर टाकली आणि लिहिलं, ‘पाणी जास्त झाल्याने मर.’ गादीवाफे, मल्चिंग, ठिबक, सगळं शिफारशीप्रमाणे केलंय, तरी पाणी जास्त? मी त्यांच्यासमोर रोप उपटलं, क्राऊन, म्हणजे मुळांच्या वरचं आखूड खोड, उभा चिरला. आत विटकरी-तपकिरी डाग पसरलेले, मुळं मात्र पांढरी. पाणी तुंबून मेलेल्या रोपाची मुळं आधी काळी पडतात, साहेब. त्यांनी गाडीत बसूनच सही केली.

माझा अंदाज करप्याच्या बुरशीचा, कोलेटोट्रायकमचा. फायटोप्थोरा हा दुसरा रोगजंतू असेल तर औषध वेगळं. फ्युजारियम ही तिसरी बुरशी असेल तर उभ्या पिकाला औषधच नाही, ती जमिनीत वर्षानुवर्षं राहते. वरून तिन्हींत रोप सारखंच मान टाकतं, म्हणून तर तालुक्याला रोगनिदान प्रयोगशाळा मागतोय! मागच्या हंगामात मेळाव्याच्या व्यासपीठावरून तसा शब्दही मिळाला. टाळ्या आम्हीच वाजवल्या. पुढे ना जागा ठरली, ना माणूस नेमला.

आणि हा करपा बहुतेकदा शेतात रोपाबरोबरच येतो. परदेशातून मदर, म्हणजे मातृरोपं येतात, पावसाळाभर त्यांचे रनर, म्हणजे जमिनीवर पसरणारे फुटवे, धरून नर्सरीत रोपं तयार होतात. रोगट पानावर पावसाचा थेंब आपटला की शिंतोड्याबरोबर बुरशी शेजारच्या रोपावर. रोप हिरवंगार दिसतं, आपण पैसे मोजून घेतो आणि लागवडीनंतर ते कोलमडतं. आयातीसाठी 2003 चा क्वारंटाइनचा आदेश आहे. पण इथे वाढवलेल्या रोपाच्या आरोग्याची हमी कोण घेतो? माझ्या नर्सरीवाल्याने हात झटकले. त्याला जाब विचारायला माझ्याकडे तपासणीचा कागद नाही.

विमा म्हणाल तर तो हवामानाचा. तापमान-पावसाचे आकडे निकषात बसले तर पैसे, रोगाला त्यात जागा नाही. नाताळच्या गर्दीत माझ्याकडे पेटीभर फळ नव्हतं. मी आणि बायको शेजारच्या प्लॉटवर रोजाने तोडणीला गेलो. सोसायटीचं कर्ज उभंच आहे, मुलीची फी थकलीय. हे कुठल्या रकान्यात लिहायचं?

देशातली ऐंशी-पंच्याऐंशी टक्के स्ट्रॉबेरी आमची, महाबळेश्वर-पाचगणीची, असं तुमच्याच भाषणांत ऐकतो. 2010 पासून जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकनही आहे. द्राक्षाला पुण्याजवळ मांजरी इथे राष्ट्रीय संशोधन केंद्र, डाळिंबाला सोलापुरात. आमच्या पिकाचा डॉक्टर कोण, तर औषध दुकानदार! तो देतो त्यातल्या बहुतेक बाटल्यांवर पिकांच्या यादीत स्ट्रॉबेरीचं नावही नसतं. ते आम्ही फवारायचं आणि पर्यटकांच्या पोरांनी बांधावर उभं राहून, न धुता फळ खायचं. फळ महोत्सवाला मंडप मिळतो, फ्लेक्स मिळतात, सूक्ष्मदर्शक मिळत नाही. या राज्यात शेतकऱ्याचं काहीही मेल्याशिवाय सरकार हलत नाही, आणि हलतं तेही पंचनाम्यापुरतं.

प्रयोगशाळा द्या, तिथे वनस्पतिरोगतज्ज्ञ कायमचा नेमा. नर्सरीतून रोप बाहेर पडण्याआधी नमुना तपासणी सक्तीची करा, आणि रोगट रोप विकणाऱ्याकडून भरपाई मिळेल असा नियम आणा. मे-जूनमध्ये नवे मदर येतील. त्याआधी लेखी उत्तर हवं आहे, आश्वासन नको.

आपला,
पाचगणी परिसरातील एक स्ट्रॉबेरी उत्पादक