शिंगमोडका नंदी

नागपूर
रविवार, २४ ऑगस्ट २०२५

प्रिय मन्या,

काय बे, जिवंत आहेस ना? मागच्या रविवारी लिहितो म्हटलं होतं अन् लिहिलं नाही, त्याला कारण आहे आणि कारणाचं नाव नंदी. बाबांच्या जुन्या पलंगाचे पाय मी ठेवून दिले होते बघ, अस्सल सागवान, बायको दोन वर्षांपासून म्हणून राहिली की भंगारवाल्याला दे, तर त्यातल्याच एका पायातून लेकीसाठी, ओवीसाठी, तान्ह्या पोळ्याचा म्हणजे पोरांच्या पोळ्याचा लाकडी नंदी करायचा असं डोक्यात शिरलं. बाजारात आठशे रुपयात मस्त रंगवलेला मिळत होता. पण नाही, आपल्याला हौस.

ऑफिसातून आलो की गच्चीवर. करवत, पटाशी, कानस, आणि शेजारचे पोट्टे बघायला. पाठ निघाली, वशिंड तर इतकं छान निघालं की मी स्वतःच दोन-तीनदा हात फिरवून पाहिला. शिंगं मात्र मी त्याच तुकड्यात आडवी कोरली, म्हणजे लाकडाच्या रेषा उभ्या आणि शिंग आडवं, आता कोणताही सुतार सांगेल की असं शिंग टिकत नाही, पण मला कोण सांगणार, मी मोबाईलवर व्हिडिओ बघून शिकलेला माणूस. गुरुवारी रात्री साडेअकराला शेवटचा पॉलिश पेपर मारताना डावं शिंग कट् करून हातात आलं. ओवी झोपली होती म्हणून बरं. फेविकॉल लावला, रबर गुंडाळलं अन् सकाळी गपचूप सासुरवाडीला निघालो.

पोळा यंदा तिकडेच केला, सेलूच्या पुढे. पूर्वी तोरणाखाली बैल मावत नव्हते म्हणे, यंदा मी मोजल्या, अकरा जोड्या. सासऱ्यांची एकच उरली आहे, बाकी शेत ट्रॅक्टरवर. पण आदल्या रात्री खांदमळणी सगळी रीतसर झालेली, तूप-हळद लावून, "आज आवतण घ्या, उद्या जेवायला या" म्हणून. त्यातला पांढरा बैल इतका म्हातारा झालाय की झूल घातल्यावर तो तसाच डोळे मिटून उभा राहिला, पोरं बेगडाचे कागद चिकटवून राहिली, याचा कान पण हलला नाही. झडत्या, ती पोळ्याची गाणी, सुरू झाल्या, एक नमन गौरा पार्वती हर बोला हर हर महादेव, आणि मग यंदा प्रत्येक झडती फिरून फिरून कापसावरच येत होती.

तू पेपरात वाचलं असशील. अमेरिकेनं आपल्या मालावर टॅरिफ लावलाय, बुधवारी २७ तारखेपासून तो ५० टक्के होणार, कापडवाले घाबरले, म्हणून केंद्रानं १९ ऑगस्टपासून कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क ३० सप्टेंबरपर्यंत काढून टाकलं. मी शहाण्यासारखं साळ्याला म्हटलं की अरे सप्टेंबरपर्यंतच आहे, तुझा कापूस कुठं आत्ता निघतो? त्यानं माझ्याकडे असं पाहिलं ना. म्हणे, "भाऊजी, आपला कापूस घरात यायले दसरा-दिवाळी उजाडते, तवरिक गिरण्यायनं बाहेरचा भरून ठेवला तं आपल्याले कोन इचारते?" हमीभाव कागदावर बरा आहे, मध्यम धाग्याला ७,७१० आणि लांब धाग्याला ८,११० रुपये क्विंटल, पण खरेदी केंद्र उघडेपर्यंत थांबायची ऐपत पाहिजे ना, ती ज्याच्याकडे नाही तो घरी आलेल्या व्यापाऱ्यालाच देतो. मी गप पुरणपोळी खाल्ली. पाऊसही पडून राहिला होता, पोळा अन् पाऊस झाला भोळा वगैरे काही नाही, चांगला धो धो.

काल मारबत, पुतळ्यांची मिरवणूक काढून गावची इडापिडा बाहेर घालवायचा दिवस. पहाटे उठून परत आलो, दारात पळसाचे मेढे ठेवले, आणि ओवीला घेऊन मेट्रोनं चितार ओळी. तू असताना आपण सायकली कुठंतरी लावून गर्दीत घुसायचो, आठवते? आता एसी डब्यातून उतरतो अन् पाच मिनिटांत घामानं भिजतो, तेवढाच फरक. चितार ओळीत गणपती अर्धे रंगवलेले, बुधवारवर चतुर्थी आली, तरी कारागीर ब्रश ठेवून मारबत बघायला दारात उभे. नेहरू पुतळ्यापाशी काळी आणि पिवळी मारबत भेटल्या तेव्हा ओवी माझ्या खांद्यावर होती, तिनं माझे केस धरून "घेऊन जा गे मारबत" असं ओरडून घेतलं की माझा डावा कान अजून वाजतो. पिवळी १८८५ पासूनची, काळी तिच्याही आधीची, आणि दरवर्षी लोकांना तेवढाच जोर येतो याचं मला नवल वाटते. बडग्यांमध्ये, म्हणजे मिरवणुकीतल्या पुरुष पुतळ्यांमध्ये, यंदा ट्रम्प होता! टॅरिफवाला. बाकीचे मला नीट दिसले नाहीत, समोर एक उंच माणूस मोबाईल वर धरून होता. पण ट्रम्प दिसला, लोक हसत होते, मीही हसलो, आणि मग साळ्याचा चेहरा आठवला. सेलूच्या पुढचा कापूस आणि इतवारीतला बडग्या एकाच गोष्टीचे दोन शेपटं निघाले, हे आदल्या दिवशी तिकडं गेलो नसतो तर माझ्या लक्षात पण आलं नसतं. मी नुसता फोटो काढून स्टेटसला टाकला असता.

परत येताना महाल भागात तुझ्या घरी गेलो. काकूंनी बसवून करंज्या दिल्या, माझ्या गुडघ्याची चौकशी केली, तुझी तक्रार केली. (तू फोनवर तीन मिनिटांत आटपतोस म्हणे.) ओवीनं नंदीचं रडगाणं सांगितलं तर काकू उठल्या, स्टूल घेऊन माळ्यावर हात घातला, मी नको नको म्हणून राहिलो, आणि जुन्या लुगड्यात गुंडाळलेला तुझा नंदी काढला. अरे तोच! हिरव्या झुलीचा. पुढचं एक चाक नाही. पोटाखाली खिळ्यानं कोरलेलं तुझं नाव आहे आणि त्याच्यावर काट मारून माझं, ते मी कधी केलं मला आठवत नाही, पण अक्षर माझंच आहे.

संध्याकाळी कॉलनीत तान्हा पोळा. आमचं फेविकॉल पहिल्या वळणावरच सुटलं. बाकी पोरांचे नंदी एलईडीवाले, एकाचा तर रिमोटवर चालत होता, आणि आमची ओवी एका हातात शिंगमोडका अन् दुसऱ्या हातात लंगडा घेऊन. परीक्षक बाईंनी विचारलं याचं शिंग कुठं गेलं, तर म्हणे, "मारका होता, म्हणून कापलं." बक्षीस नाही मिळालं, बोजारा, म्हणजे नंदी दारी नेला की मिळणारे पैसे, मात्र दोन नंद्यांचा वसूल केला, एकशे नव्वद रुपये.

बाकी नेहमीचंच. दिव्या देशमुख २८ जुलैला बातुमीत कोनेरू हम्पीला हरवून बुद्धिबळाचा महिला वर्ल्ड कप जिंकली तेव्हापासून बिल्डिंगमधलं प्रत्येक पोट्टं पट घेऊन बसलंय, आपल्या नागपूरची पोरगी, एकोणिसाव्या वर्षी थेट ग्रँडमास्टर, मग काय. खालच्या मजल्यावरच्या नऊ वर्षांच्यानं मला वीस चालींत गुंडाळलं आणि वर "काका, वजीर लवकर बाहेर काढू नका" म्हणून गेला. ऑफिसात पैशाचे ऑनलाइन गेम बंद होण्याचा कायदा झाला म्हणून एक जण तीन दिवस सुतकात आहे, त्याची बायको मात्र पेढे वाटायच्या मूडमध्ये असेल.

तर मुद्द्याचं. महालक्ष्म्या ३१ ला बसतात, १ तारखेला जेवण. काकूंनी तुला विचारायला सांगितलं नाही, पण "तिकिटं मिळत नसतील आता" असं दोनदा म्हणाल्या. मिळतात, मी ॲपवर पाहिलं. तुझा नंदी माझ्याकडे आहे, ओवी तो सोडायला तयार नाही, तेव्हा हवा असेल तर स्वतः येऊन तिच्याशी भांड. चाक मी लावून ठेवतो, यावेळी रेषा बघून.

तुझा,
संज्या