भूत न दाखवणारे भयपट

महोदय,

भयपट म्हणजे नुसतं दचकवणं, हा गैरसमज आहे. 'द हॉन्टिंग'मध्ये (१९६३) भूत दिसतच नाही, फक्त जाड लाकडी दार आतल्या बाजूला फुगतं. 'द इनोसंट्स'मध्ये (१९६१) छायाचित्रकार फ्रेडी फ्रान्सिस यांनी कडा रंगवलेले फिल्टर लावून चौकटीच्या बाजू काळोख्या केल्या. नजर सारखी तिकडेच जाते. याच सिनेमाची सुरुवात काळ्या पडद्यावरच्या गाण्याने होते, टीव्ही बिघडला समजू नका! आपला 'लपाछपी' (२०१७) तर उसाच्या फडात, दिवसाढवळ्या घाबरवतो.

घरी पाहताना टीव्हीचं मोशन स्मूदिंग (हालचाल जास्त गुळगुळीत दाखवणारी सेटिंग) बंद करा, नाहीतर सिनेमा मालिकेसारखा दिसतो. ब्राइटनेस वाढवला की काळा रंग राखाडी होतो. खिडकीखालून लोकल धडधडत असेल तर हेडफोनच बरा. कुजबुज बुडाली की भीतीही बुडते.

– एक वाचक, दादर, मुंबई