लोखंडी फाळाने सगळे उत्तर मिळत नाही

मा. संपादक यांस,
स. न.

धम्मचक्र प्रवर्तन दिन जवळ आला की पुरवण्यांतून आणि स्पर्धा परीक्षांच्या गाइडांतून बौद्ध-जैन धर्मांच्या उदयाची ठरलेली कारणे फिरू लागतात. लोखंडी नांगर आला, धान्य वाढले, शहरे वसली, यज्ञ परवडेनात, वैश्य नाराज झाले, म्हणून नवे धर्म आले. यातले काहीच निखालस खोटे नाही. पण ही साखळी पहिल्याच कडीला तुटते, आणि ते नागपूरकरांच्या तरी लक्षात यायला हवे.

काटोल रस्त्यावरच्या जुनापाणीच्या शिळावर्तुळांत (दगडांची वर्तुळे रचलेल्या प्राचीन दफनांत), माहूरझरीला, नायकुंडला लोखंडाच्या कुऱ्हाडी, छिन्न्या, खंजीर, घोड्यांचे लगाम निघाले. नायकुंडला तर लोखंड गाळायची भट्टीच सापडली. म्हणजे बुद्धाच्या आधीपासून विदर्भात लोखंड होते. तरी राजगृह किंवा वैशाली यांसारखी बुद्धकाळची मोठी नगरे इथे उभी राहिली नाहीत. गंगेच्या खोऱ्यातही सुरुवातीच्या थरांत बाणांची टोके आणि भाल्यांची पातीच जास्त मिळतात, फाळ थोडे. गाळाची मऊ जमीन लाकडी फाळानेही निघते. तेव्हा नुसत्या धातूने काही होत नाही. त्याच्याभोवती राबणारे हात, कर आणि कर्ज यांची मांडणी बदलावी लागते.

ती मांडणी बौद्ध-जैन परंपरांच्या ग्रंथांत पानोपानी दिसते. पूर्वेकडचे मुख्य पीक धान. हंगामात धानाला एकदम किती हात लागतात हे भंडारा-गोंदियाच्या वाचकाला सांगायला नको. पाली ग्रंथांत ‘दास-कम्मकर’ (गुलाम आणि मजूर) हा जोडशब्द वारंवार येतो तो उगाच नाही. संघाच्या नियमांच्या महावग्ग या ग्रंथात तर मगधातल्या बांध घातलेल्या शेतांकडे बोट दाखवून बुद्ध आपला शिष्य आनंद याला तशाच नमुन्याचे चीवर (भिक्खूचे वस्त्र) करायला सांगतात. भिक्खूंच्या चीवरावरचे तुकडे म्हणजे त्या बांध्याच!

सामञ्ञफलसुत्त या बुद्धांच्या उपदेशात चित्तातल्या पाच अडथळ्यांना दिलेल्या उपमा पाहा : कर्ज, आजार, तुरुंग, गुलामी आणि धोक्याची निर्जन वाट. कर्ज काढून धंदा केला, तो चालला, देणे फिटले आणि बायकापोरांसाठी थोडे उरले, त्या माणसाचा आनंद तिथे वर्णिला आहे. ज्या समाजात सावकारी मुरलेली नाही, तिथे अशी उपमा कुणाला सुचणार नाही.

आता गाइडांत सहसा न येणारी गोष्ट. विनयपिटकानुसार, म्हणजे संघाच्या नियमग्रंथानुसार, कर्जदाराला, दासाला आणि राजाच्या चाकरीतल्या सैनिकाला प्रव्रज्या (भिक्खू होण्याची दीक्षा) देता येत नाही. मगधाचा राजा बिंबिसार याच्या सीमेवर गडबड झाली, काही सैनिक लढाईला जायचे सोडून भिक्खू झाले, अधिकाऱ्यांनी तक्रार केली आणि नियम झाला. पळालेले कर्जदार आणि दास यांच्यावरूनही अशीच ओरड झाली. ‘बुद्धाने गुलामी मोडली’ असे लिहिणाऱ्यांची यावर पंचाईत होते. ‘संघ म्हणजे धनिकांची सोय’ म्हणणाऱ्यांनीही जरा थांबावे. मनाई करावी लागली, याचा अर्थ अशी माणसे संघाच्या दाराशी येत होती. उदयामागची सामाजिक परिस्थिती याहून स्पष्ट कुठे लिहिलेली असेल? जातीची मात्र मनाई नव्हती. शाक्य कुमारांनी आपला अभिमान मोडावा म्हणून न्हावी उपालीला आपल्याआधी दीक्षा द्यायला लावली, म्हणजे संघात तो ज्येष्ठ ठरला आणि वंदन त्यांनी त्याला करायचे.

यज्ञाबद्दलही नुसते ‘हिंसा’ म्हणून भागत नाही. कूटदन्तसुत्त या बुद्धांच्या उपदेशात यज्ञस्तंभाशी बैल, गोऱ्हे, कालवडी, बोकड, मेंढे प्रत्येकी ७०० आणलेले आहेत. म्हणजे ३५०० जनावरे, त्यांतली २१०० गोवंशाची. शेतीच्या दृष्टीने हे ओढकामाचे आणि शेणखताचे भांडवल. त्याच सुत्तात राजाला सल्ला मिळतो : चोऱ्या थांबवायच्या असतील तर शेतकऱ्याला बियाणे, व्यापाऱ्याला भांडवल, चाकराला वेतन दे.

जैनांबद्दलचे ठरलेले वाक्य असे की नांगरटीत जीव मरतात म्हणून ते व्यापारात गेले. पुढच्या काळापुरते ते बरेचसे बरोबर आहे. पण उवासगदसाओ या आगमातला महावीरांचा श्रावक (गृहस्थ अनुयायी) आनंद, बुद्धांच्या शिष्याहून वेगळा, ४ कोटी सुवर्ण ठेव्यात आणि ४ कोटी व्याजाने लावून असतो, शिवाय १०,००० गायींचे एक असे चार कळप. व्रत घेताना तो शेती सोडत नाही, ५०० नांगरांची मर्यादा घालून घेतो. खोटी वजने-मापे आणि भेसळ हे श्रावकाच्या अचौर्यव्रतातले (चोरी न करण्याच्या व्रतातले) दोष मानले गेले. यातला रोख सरळ बाजाराकडे आहे.

गणराज्यांचा मुद्दा तर पुरवण्यांत जवळपास नसतोच. बुद्ध शाक्यांचे, महावीर ज्ञातृकांचे. दोघेही गणसंघांतले, म्हणजे एका राजाऐवजी सभेने चालणाऱ्या राज्यांतले, आणि हे गण मगध-कोसल या मोठ्या राज्यांच्या तोंडी जात होते. मगधाचा राजा अजातशत्रू याने वैशालीच्या वज्जी गणावर नजर ठेवून पाटलिगामात (पुढचे पाटलिपुत्र) तटबंदी सुरू केली ती बुद्धांच्या हयातीतच. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ मध्ये म्हातारा, रोगी आणि प्रेत पाहून झालेल्या गृहत्यागाची कथा नाकारली. त्या जागी त्यांनी रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि शेजारचा कोलिय गण यांच्यात पेटलेला वाद आणि शाक्यसंघात बहुमताने फेटाळला गेलेला सिद्धार्थाचा युद्धविरोध ठेवला. निदान दीक्षाभूमीच्या गावातल्या पुरवणीत तरी रथात बसून प्रेत पाहणाऱ्या राजपुत्राऐवजी रोहिणीचे पाणी यावे, एवढी विनंती.

— एक वाचक, नागपूर