फॉरवर्डला पगार कशाचा मिळतो?

लीड्स, यॉर्कशायर

तीर्थरूप बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

रग्बी लीगमधल्या ज्या फॉरवर्डच्या, म्हणजे पुढच्या फळीतल्या खेळाडूच्या, नावावर बहुतेक सामन्यांत एकही गुण लागत नाही, त्याला क्लब पगार कशाचा देतो, असे तुम्ही विचारलेत. फोनवर ते मला नीट सांगता आले नाही, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

हेडिंग्ली तुम्हाला आठवते ती १९८६ साली वेंगसरकरांनी तिथे काढलेल्या नाबाद १०२ धावांमुळे. त्याच मैदानाच्या पाठीला पाठ लावून लीड्स ऱ्हायनोज या क्लबचे रग्बी लीगचे मैदान आहे आणि दोहोंच्या मधली प्रेक्षागॅलरी एकच आहे. हा खेळ जुन्या रग्बीपासून फुटला तो मजुरीवरून, आणि सोलापूरच्या गिरणीत उमेदीची वर्षे काढलेल्या तुम्हाला ते कारण समजावून सांगण्याची गरज नाही. इकडचे खेळाडू खाणींत आणि कापड गिरण्यांत राबत. शनिवारी सामन्याला गेले की खाडा पडे आणि पैसे कापले जात. ते भरून द्यायला इंग्लंडच्या रग्बी संघटनेने नकार दिला, तेव्हा उत्तरेकडच्या क्लबांनी २९ ऑगस्ट १८९५ रोजी हडर्सफील्डच्या जॉर्ज हॉटेलात वेगळी संघटना स्थापन केली आणि दिवसाला सहा शिलिंगांपर्यंत भरपाई मान्य केली. १९०६ मध्ये खेळाडू पंधरावरून तेरा झाले.

आता फॉरवर्डचे काम सांगतो. चेंडू घेतलेल्याला धरून खाली पाडणे म्हणजे टॅकल. चेंडू असलेल्या संघाला सहा टॅकलपर्यंत तो राखता येतो, नंतर तो प्रतिपक्षाकडे जातो. पहिल्या एक-दोन खेपांना चेंडू घेऊन समोरच्या दोन-तीन धिप्पाड माणसांच्या अंगावर सरळ धावत जायचे, आठ-दहा मीटर जमीन मिळवायची, खाली पाडले गेल्यावर त्यांच्या मिठीतून झटकन उठून चेंडू पायाने मागे सरकवायचा, हे प्रॉपचे, म्हणजे फॉरवर्डांतल्या सर्वांत धिप्पाड गड्याचे, मुख्य काम. बचाव करणाऱ्यांना दहा मीटर मागे हटावे लागते. प्रॉप लवकर उठला तर ते हटण्याआधीच पुढची चाल सुरू होते, आणि कडेचा चपळ गडी ट्राय करून, म्हणजे प्रतिपक्षाच्या गोलरेषेपलीकडे चेंडू टेकवून, टाळ्या घेतो तो त्या उसंतीवर. प्रतिपक्षाकडे चेंडू गेला की याच प्रॉपने सामनाभरात वीस-तीस टॅकल करायचे असतात. धावफलकावर यातले काहीच दिसत नाही.

जेमी पीकॉक या फॉरवर्डचे उदाहरण घ्या. तो याच शहराचा, १९७७ सालचा. किशोरवयात त्याच्याकडे कोणी भावी तारा म्हणून पाहिले नाही. ब्रॅडफर्ड बुल्स या क्लबकडून तो १९९९ मध्ये खेळू लागला तेव्हा एकविशीत होता, आणि २००३ मध्ये सुपर लीगचा, म्हणजे इथल्या सर्वांत वरच्या श्रेणीच्या स्पर्धेचा, सर्वोत्तम खेळाडू म्हणून ‘मॅन ऑफ स्टील’ ठरला. २००५ च्या अंतिम सामन्यात त्याने ब्रॅडफर्डकडून लीड्सला हरवले आणि पुढच्याच वर्षी तो लीड्सला आला. इथल्या लोकांनी त्याला लगेच आपला म्हटले, याचे मला अजूनही थोडे नवल वाटते. त्याच वर्षी सिडनीत ग्रेट ब्रिटनने ऑस्ट्रेलियाला २३-१२ असे हरवले तेव्हा कर्णधार तोच होता. दोन क्लबांकडून मिळून त्याने सुपर लीगची नऊ विजेतेपदे मिळवली, त्यातले शेवटचे २०१५ मध्ये, विगनवर २२-२० असा विजय मिळवून. त्या वर्षी लीड्सने इथले तिन्ही मोठे करंडक जिंकले आणि सदतिसाव्या वर्षी तो निवृत्त झाला. पुढल्या वर्षी हल किंग्स्टन रोव्हर्समध्ये तो व्यवस्थापक होता. तिथे खेळाडू कमी पडले म्हणून त्याने पुन्हा बूट चढवले, पण क्लब खालच्या श्रेणीत घसरलाच. माझ्या मते ते त्याने टाळायला हवे होते. इथले लोक मात्र ते ऐकून घेत नाहीत.

पैशाचे म्हणाल तर एका क्लबने साऱ्या खेळाडूंवर मिळून वर्षाला किती खर्च करावा याला मर्यादा आहे, आणि काही सवलती सोडल्या तर ती वीस लाख पौंडांच्या आसपास आहे. इंग्लंडमधल्या नामांकित फुटबॉलपटूंपैकी काहींना तेवढी रक्कम काही आठवड्यांत मिळते. त्या बदल्यात गुडघे आणि खांदे झिजतात, आणि डोक्यावरच्या आघातांचे तर त्याहून वाईट. स्मृतिभ्रंशासारखे विकार तरुण वयात जडलेल्या माजी खेळाडूंच्या एका मोठ्या गटाने रग्बी लीगच्या संघटनेवर दावा केला आहे. आघाताची शंका आली की खेळाडूला बाहेर नेऊन तपासण्याची पद्धत आता आहे. जुन्या पिढीला ती मिळाली नाही.

मी पाठवलेला सामना मोबाईलवर पाहाल तेव्हा चेंडूच्या मागे नजर फिरवू नका. आठ किंवा दहा क्रमांकाच्या एखाद्या प्रॉपकडे वीस मिनिटे पाहा. तो किती वेळा पडतो यापेक्षा किती लवकर उठतो ते मोजा, आणि मग मला फोन करा.

आईला नमस्कार सांगावा.

तुमचा मुलगा