मिनी घेऊ का थांबू, असं विचारलंस म्हणून

सांगली, दिवाळी पाडवा, २०२५

प्रिय संज्या,

तुझा मेसेज बघितला. "एम४ मिनी घेऊ का एम५ ची वाट बघू", एवढंच विचारलंस. म्हणजे ॲपलचा तो डब्याएवढा कॉम्प्युटर, मॅक मिनी, आत्ताच्या एम४ चिपचा घेऊ का पुढच्या एम५ चिपचा यायची वाट बघू. फोनवर सांगितलं असतं पण त्यात शिव्या जास्त आणि माहिती कमी झाली असती, म्हणून लिहितोय. लग्नाच्या व्हिडिओंचा स्टुडिओ बंद आहे, घरात सगळे जेवून आडवे झालेत, भडंगाचा डबा शेजारी आहे. तू पण निवांत वाच.

लेका, या मशीनसाठी माझ्याइतकी वाट बघितलेला माणूस तुला अख्ख्या सांगली जिल्ह्यात गावायचा नाही.

माझा २०१२ चा मिनी आठवतोय का, पुण्यातनं सेकंडहँड आणलेला? खाली काळं गोल झाकण, दोन्ही अंगठे टेकवून फिरवलं की टक करून निघायचं आणि आत रॅमच्या दोन पट्ट्या. जुन्या काढल्या, आठ-आठच्या घातल्या, १६ जीबी, विषय संपला. तेव्हा स्टुडिओ मार्केट यार्डाजवळ वखारींच्या मागं होता, त्यामुळं झाकण उघडलं की फॅनच्या पात्यांवर पिवळी धूळ. हळद! मी ब्रशनं झाडत बसायचो आणि बायको म्हणायची, ह्याला पण हळद लागली, आता ह्याचंच लग्न लावून टाका.

२०१४ च्या ऑक्टोबरात नवीन मिनी आला तेव्हा मी पैसे बाजूला काढून तयार बसलेलो. बघतो तर रॅम बोर्डालाच सोल्डर केलेली, म्हणजे बदलायची सोय नाही, आणि आधीच्यात चार कोरचा आय७ प्रोसेसर मिळायचा तर ह्यात फक्त दोन कोर. म्हणजे रेंडरला, कापलेल्या व्हिडिओची फाइल तयार करायला, नवीन मशीन जुन्याच्या मागं, सांग आता. म्हटलं जाऊ दे, पुढच्या वर्षी सुधारतील. पुढचं वर्ष गेलं, २०१६ गेलं, २०१७ गेलं, तिकडं आयफोन ६ चा एक्सएस झाला आणि मिनी आपला तिथल्या तिथं. दर सप्टेंबरला नवऱ्यामुलाच्या हातात नवा फोन, त्यात फोर-के शूट, आणि ते सगळं कापायला माझ्याकडं २०१२ चं मशीन. रेंडरची पट्टी ४० टक्क्यावर अडकलेली आणि नवरीचा मामा मागं खुर्चीत तिसरा चहा घेत "झालं का ओ?"

आणि हे फक्त आपल्या स्वस्तातल्या डब्याचं नाही बरं का. मॅक प्रो, ॲपलचं महागातलं टेबलावरचं मशीन, तो काळा सिलिंडर, २०१३ च्या डिसेंबरात आला आणि त्याच्या जागी दुसरा यायला २०१९ चा डिसेंबर उजाडला. सहा वर्षं! मधल्या काळात २०१७ ला ॲपलनं स्वतःच पत्रकारांना बोलावून कबूल केलं की त्या डिझाइनमध्ये उष्णतेचा घोळ झाला, जास्त ताकदीचं एकच मोठं ग्राफिक कार्ड त्यात बसवता येईना. त्यांना चिप पुरवणाऱ्या इंटेलचं पण तेव्हा १४ नॅनोमीटरच्या जुन्याच तंत्रावर घोडं अडलेलं. पण मला विचारशील तर खरं कारण साधं आहे, लोक घेतात लॅपटॉप, मग नवीन चिप आधी तिकडंच जाणार. टेबलावर ठेवायच्या मशीनला पंगतीत शेवटचं पान.

२०१८ ला आला एकदाचा, पण ४९९ डॉलरवाला ७९९ चा होऊन आला. आपल्याकडच्या लग्नाच्या रेटमध्ये कुठं बसवू? परत थांबलो. २०१९ च्या पुरात तो २०१२ वालाच तांदळाच्या प्लास्टिकच्या डब्यात घालून गच्चीवर नेला, बाकी टेबल-खुर्च्या गेल्या. मार्च २०२० ला "अपडेट" आलं म्हणून उड्या मारत बघायला गेलो तर प्रोसेसर तोच, स्टोरेज तेवढं डबल केलेलं.

शेवटी ऑक्टोबर २०२० ला तोच इंटेलवाला घेतला. जूनमध्येच जाहीर झालेलं की आता इंटेलऐवजी ॲपलच्या स्वतःच्या चिप येणार, मी वाचलं पण होतं, पण मला वाटलं मिनीला सगळं शेवटीच मिळतं, म्हणजे अजून दोन वर्षं तरी निवांत. दुकानदार पण म्हणाला, घ्या बिनधास्त. १० नोव्हेंबरला त्यातली पहिली चिप एम१ आला आणि पहिल्याच फटक्यात मिनीला आला, ६४,९०० ला, माझ्यापेक्षा स्वस्त आणि कितीतरी फास्ट. त्याच आठवड्यात दिवाळी. मी उटणं लावून तोंड पाडून बसलेलो, आईला वाटलं कुणी गेलं की काय.

आता तोच इंटेलवाला मिनी मॅकच्या यंदाच्या नव्या सिस्टीमच्या, टाहोच्या, यादीत नाही, आधीच्या सिकोयावरच थांबला. आणि गेल्याच आठवड्यात एम५ आला तो कुणाला? लॅपटॉप आणि आयपॅडला! मिनीला कधी येईल ह्याचा अंदाज लावायचं मी सोडून दिलंय, एम३ तर ह्याला कधी मिळालाच नाही, एम२ वरनं डायरेक्ट एम४. मॅक प्रो अजून २०२३ च्या एम२ अल्ट्रावर बसलाय.

तर तू घेऊन टाक एम४. तुला कीर्तनाचं रेकॉर्डिंग करायचंय, सिनेमा नाही, १६ जीबी भरपूर झाली. २५६ चं स्टोरेज पटकन भरेल, पण त्याला वरचे पैसे देत बसू नको, बाहेरनं एसएसडी लाव. फक्त रॅमचं काय ते घेतानाच ठरव, नंतर वाढत नाही. आणि पॉवरचं बटण शोधत बसू नको, ते बुडाला आहे, मशीन उचलून दाबायचं.

मी पण तोच सांगून ठेवलाय, तुळशीचं लग्न झालं की सीझन चालू, ह्या खेपेला मामांना चहावर बसवणं परवडायचं नाही.

आणि ऐक, तो २०१२ वाला अजून चालू आहे. बॅकअपला तुला देतो, येशील तेव्हा घेऊन जा, येताना कंदी पेढे आण. झाकण आता घट्ट झालंय, अंगठ्याला जरा जोर लाव, आतली हळद काढलेली नाही.

तुझा,
बंड्या