चिकाच्या डब्यावरचं बारीक अक्षर : अन्न व औषध प्रशासन मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. मंत्री, अन्न व औषध प्रशासन,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

विषय : गायीच्या चिकाची भुकटी आणि कॅप्सूल रोगांवरचा इलाज म्हणून विकले जाण्याबाबत.

मंत्रिमहोदय,

सप्रेम नमस्कार. माझी सगळी नोकरी पशुसंवर्धन खात्यात गेली. जत, आटपाडी, सांगोला हा माझा पट्टा. रात्री-अपरात्री गायी सोडवल्या, वार काढली, हगवणीने गळालेल्या वासरांना सलाईन लावलं. चिकाशी, म्हणजे नुकत्याच व्यालेल्या गायीच्या पहिल्या दुधाशी, माझी ओळख गोठ्यातली आहे, त्यामुळे तो डब्यात भरून, ‘कोलोस्ट्रम’ असं छापून, मधुमेहापासून कर्करोगापर्यंत सगळ्यावर विकला जाताना पाहिला तेव्हा तुम्हाला लिहावंसं वाटलं.

आधी काय चाललं आहे ते सांगतो. गेल्या पावसाळ्यात एका ओळखीच्या पशुपालकाकडे म्हैस बघायला गेलो होतो. त्याची आई ओसरीवर बसलेली, पायाच्या अंगठ्याला फडकं गुंडाळलेलं. साखर आहे म्हणून विचारलं, गोळ्या चालू आहेत ना? म्हातारी म्हणाली, “न्हाई, आता चिकाचा डबा चालू हाय.” गावातल्याच एका पोराने तो दिला होता. दिवसा पतसंस्थेत पिग्मी गोळा करतो आणि संध्याकाळी हे. तीन महिने चीक घेतला की साखरेची गोळी कायमची सुटते, असं त्याने सांगितलं होतं आणि मोबाईलवर कुणा बरं झालेल्या माणसाचा व्हिडिओही दाखवला होता. मी डबा हातात घेऊन उन्हात धरला. पुढच्या बाजूला गाय, वासरू, हिरवं कुरण. मागच्या बाजूला, चष्मा वर-खाली केल्यावर दिसेल अशा अक्षरात, इंग्रजीत, ‘औषधी वापरासाठी नाही’.

साहेब, सगळी मेख इथे आहे. डबा कायद्यात बसतो. परवाना अन्नाचा, लेबल स्वच्छ, पूरक आहारावर जे वाक्य छापणं बंधनकारक आहे तेही छापलेलं. रोग बरा होण्याचा दावा डब्यावर नसतोच. तो पोराच्या तोंडी असतो, व्हॉट्सॲपवर असतो, मंगल कार्यालयातल्या ‘आरोग्य मार्गदर्शन शिबिरात’ असतो. तुमचा निरीक्षक दुकानात जाऊन डबा तपासतो तेव्हा त्याला आक्षेपार्ह काही सापडत नाही, कारण तो चुकीच्या जागी शोधतो आहे.

आता चिकाबद्दल. तो थोर पदार्थ आहे, यात वाद नाही. फक्त कोणासाठी थोर, ते नीट समजून घ्यायला हवं. माणसाच्या पोटातल्या बाळाला आईच्या वारेतून प्रतिपिंडं, म्हणजे जंतूंशी लढणारी प्रथिनं, मिळतात. गायीच्या वारेची रचना वेगळी असते, त्यातून ती वासरापर्यंत जात नाहीत. वासरू जवळजवळ कोरंच जन्माला येतं. त्याची सगळी भिस्त पहिल्या धारेवर. पहिल्या चिकात प्रथिनं साधारण १४ टक्के असतात, नेहमीच्या दुधात सव्वातीनच्या आसपास. वासराचं आतडं ही प्रतिपिंडं अख्खी रक्तात घेऊ शकतं, पण ती सोय साधारण पहिल्या चोवीस तासांची, आणि खरी जोरात पहिल्या सहा तासांची. पुढे ते दार बंद होतं. वजनाच्या दहाव्या हिश्शाइतका चीक वेळेत पोटात गेला तर वासरू उभं राहतं, नाहीतर आठवड्यात हगवण, न्यूमोनिया, नाभी पिकणे ही रांग लागते.

मोठ्या माणसाच्या आतड्याचं ते दार कधीच मिटलेलं असतं. आपण चीक खाल्ला की पोटातलं आम्ल आणि पाचक रस त्या प्रतिपिंडांचा बराच भाग मोडून टाकतात. जो थोडा टिकतो तो आतड्याच्या पोकळीत राहतो, रक्तात जात नाही. मग तो गुडघ्यात कसा पोहोचणार, स्वादुपिंडात कसा शिरणार? आणि ही प्रतिपिंडं असतात कशाविरुद्ध? गायीला जे जंतू भेटले आणि आम्ही तिला जी लस टोचली, त्याविरुद्ध. मी स्वतः हजारो गायींना घटसर्पाची, फऱ्याची, लाळ्या-खुरकुताची लस दिली आहे. त्या गायींचा चीक पिऊन म्हातारीला फऱ्यापासून संरक्षण मिळालंही असतं कदाचित, पण तिला फऱ्या होणार नव्हता.

विज्ञानात चिकाबद्दल काहीच नाही असं मी म्हणत नाही. अमेरिकेत १९८८ साली एक प्रयोग प्रसिद्ध झाला. जुलाब घडवणाऱ्या ई. कोलाय जंतूची लस गायींना टोचली, त्यांच्या दुधातली प्रतिपिंडं वेगळी काढून स्वयंसेवकांना दिली आणि मग त्यांना तोच जंतू पाजला. प्रतिपिंडं घेतलेल्या दहांपैकी एकालाही जुलाब झाले नाहीत, न घेतलेल्या दहांपैकी नऊ जणांना झाले. ढाक्यात रोटाव्हायरसच्या जुलाबाने आजारी मुलांवर असंच काम झालं आणि १९९८ मध्ये छापून आलं, तेही उत्साह वाढवणारं होतं. वेदनाशामक गोळ्यांनी आतड्याच्या अस्तराला होणारा त्रास चिकाने कमी होतो असं दाखवणारा एक छोटा अभ्यास २००१ चा आहे. या सगळ्यात एक गोष्ट समान आहे : परिणाम आतड्यात दिसला. पहिल्या दोन प्रयोगांत तर गाय त्या विशिष्ट जंतूसाठी मुद्दाम तयार केलेली होती. गावोगावचा चीक एका टाकीत ओतून केलेल्या भुकटीशी त्याचा संबंध लावणं म्हणजे सर्पदंशाची लस घोड्याच्या रक्तापासून होते म्हणून कुठल्याही टांग्याच्या घोड्याचं रक्त पिण्यासारखं आहे.

जाहिरातवाले पोलिओच्या थेंबांची लस काढणाऱ्या आल्बर्ट सेबिन यांचंही नाव घेतात. गायीच्या चिकात पोलिओविरोधी गुण सापडल्याचं त्यांनी १९६२ मध्ये लिहिलं, हे खरं. पण देश २०१४ साली पोलिओमुक्त जाहीर झाला तो लशीच्या थेंबांनी. आयुर्वेदाचा हवाला देणाऱ्यांनी चरकसंहितेतला सूत्रस्थानाचा सत्ताविसावा अध्याय काढून बघावा. तिथे पीयूष, म्हणजे हाच चीक, पचायला जड, पुष्टी देणारा, ज्याचा अग्नी चांगला आहे आणि ज्याला झोप येत नाही अशांना सुखावणारा म्हटला आहे. खरवस हाणून दुपारी आडवं होणाऱ्या माणसाला हे वेगळं सांगायला नको. कर्करोगाचा तिथे उल्लेख नाही.

मग कुणी म्हणेल, उपयोग नसेल पण अपायही नाही ना? इथे मी पशुवैद्य म्हणून बोलतो. कच्चा चीक धोक्याचा आहे. गायीला सांसर्गिक गर्भपाताचा आजार, म्हणजे ब्रुसेलोसिस असेल, तर त्याचे जंतू चिकातून येतात आणि माणसाला महिनोन्‌महिने चढ-उताराचा ताप, सांधेदुखी, कंबरदुखी देतात. केंद्राने २०१९ मध्ये कालवडींच्या लसीकरणाची मोहीम काढली ती उगाच नव्हे. ‘नैसर्गिक’ म्हणून कच्चा चीक पिण्याचं खूळ शहरात वाढतं आहे, त्याच्याकडेही लक्ष असू द्या. उलट चीक चांगला तापवला की जंतू मरतात, पण प्रतिपिंडंही जातात. खरवस वाफेवर जमतो तो मुख्यत्वे त्याच प्रथिनांमुळे. सुरी घातल्यावर वडी सुरेख सुटली, की समजावं प्रतिपिंडांचा कारभार आटोपला. त्याने खरवसाची चव काही कमी होत नाही. गूळ, वेलदोडा, जायफळ घालून केलेला पहिल्या दिवसाचा खरवस मीही सोडत नाही. पण तो खाऊ आहे.

दुसरा धोका कुणी बोलत नाही. गाय आटवताना, म्हणजे पुढच्या विण्याआधी तिचं दूध बंद करताना, कासदाह होऊ नये म्हणून चारही सडांत प्रतिजैविकाच्या ट्यूब सोडतात. संकरित गायींच्या गोठ्यात हे सर्रास चालतं. औषध मुद्दाम हळूहळू विरघळणारं असतं. गाय दिवसांआधी व्याली, किंवा ट्यूब उशिरा सोडली, तर त्याचा अंश पहिल्या चिकात येतो. डेअरी व्यायल्यानंतरचे पहिले काही दिवस दूध घेत नाही, आणि दुधाच्या कायदेशीर व्याख्येतच ते चीकविरहित असावं असं म्हटलं आहे. म्हणजे जो पदार्थ आपण दुधात मिसळू देत नाही, त्याचीच भुकटी रोग्याच्या हातात जाते. तिच्यात प्रतिजैविकाचा अंश किती, हे डब्यावर कुठेही वाचायला मिळालं नाही. तिच्यात प्रतिपिंडं किती उरली आहेत, हेही बहुतेक डबे सांगत नाहीत. गोठ्यात आम्ही चिकाचा दाटपणा मोजणारं साधं ब्रिक्स मीटर लावतो, आकडा २२ च्या वर गेला तर चीक वासराला देण्याजोगा समजतो. वासराच्या चिकाला कसोटी आहे. माणसाच्या डब्याला नाही.

आणि वासराचं काय? पूर्वी आमच्याकडे चीक विकत नसत. शेजारीपाजारी वाटत, आणि चिकाचं भांडं कुणी रिकामं परत पाठवत नसे. आता दोन-चार गावांत मी चीक गोळा करणारे पाहिले, दुधाच्या दुप्पट-तिप्पट भाव देणारे. कालवड असेल तर मालक तिला अजून पोटभर पाजतो, ती उद्याची गाय आहे. होलस्टीन या परदेशी जातीचा गोऱ्हा झाला तर हिशोब बदलतो. त्याला शेतात काम नाही, आणि २०१५ च्या गोवंश हत्याबंदी कायद्यानंतर गिऱ्हाईकही नाही. अशा गोऱ्ह्याला अर्धा लिटर दाखवून उरलेला चीक कॅनमध्ये जातो. रेडकाची गत त्याहून वाईट. हे पशुसंवर्धन खात्याचं काम आहे म्हणून सोडून देऊ नका, कारण मागणी तुमच्या खात्याच्या परवान्यावर उभी आहे.

एक गोष्ट मात्र मला फार लागते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीप्रमाणे देशातल्या १०० बाळांपैकी जेमतेम ४२ बाळांना जन्मानंतर तासाभरात आईचं दूध मिळतं. अजूनही काही घरांत आईचं पहिलं पिवळसर दूध ‘जड’ म्हणून पिळून टाकतात आणि बाळाच्या जिभेवर मध लावतात. बाळासाठी तो अस्सल चीक, फुकटचा, मोजून त्याच्यासाठीच तयार झालेला. तो मोरीत जातो, आणि त्याच घरात गायीच्या चिकाचा डबा हप्त्याने येतो. एका एजंटाने माझ्यासमोर बाळंतिणीच्या सासूला बाळासाठीही तो सुचवला. वर्षाच्या आतल्या बाळाला गायीचं दूधसुद्धा देऊ नये असं डॉक्टर सांगतात, तिथे ही भुकटी. आईच्या दुधाला पर्याय म्हणून विकल्या जाणाऱ्या पदार्थांच्या जाहिरातीला १९९२ च्या कायद्याने बंदी आहे. तो कायदा अशा एजंटापर्यंत पोहोचलेला मी तरी पाहिला नाही.

नवा कायदा करा असं माझं म्हणणं नाही. १९५४ चा जादुई उपचारांच्या जाहिरातींचा कायदा आहे, त्याच्या यादीत मधुमेह आहे, कर्करोग आहे, रक्तदाब आहे. ‘हे अन्न आहे’ म्हणून विक्रेते त्यातून निसटू पाहतात, पण रोग बरा करतो म्हणून जी वस्तू विकली ती त्या कायद्याच्या व्याख्येत येते, आणि तुमच्या विधी शाखेने हा मुद्दा एकदा न्यायालयात नेऊन लावावाच. ते नाही जमलं तर अन्न सुरक्षा कायद्याचं कलम ५३ आहे : दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला दहा लाखांपर्यंत दंड, आणि तो जाहिरात करणाऱ्यालाच नव्हे, तिच्यात सहभागी असणाऱ्यालाही. शिबिर घेणारा, व्हिडिओ फिरवणारा त्यात येतो. पतसंस्थेतल्या पोराला धरा असं मी म्हणत नाही, त्याला कमिशनवर नेमणाऱ्याला धरा. त्याच्या साखळीच्या वरच्या टोकाला पत्ता असतो, जीएसटी क्रमांक असतो.

त्याबरोबर भुकटीचे नमुने घ्या. प्रतिजैविकाचा अंश आणि प्रतिपिंडांचं प्रमाण, एवढ्या दोनच तपासण्या करा. नागपूरचं पशुविज्ञान विद्यापीठ आणि परळचं पशुवैद्यकीय महाविद्यालय यांची माणसं या कामात मुरलेली आहेत, त्यांना विचारा. निकाल मराठीत, कंपनीच्या नावासह जाहीर करा. आणि ‘औषधी वापरासाठी नाही’ हे वाक्य डब्याच्या दर्शनी बाजूला, मराठीत, ओसरीवर बसून बिनचष्म्याने वाचता येईल इतकं मोठं छापायला लावण्यासाठी केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाकडे आग्रह धरा.

ज्यांना चिकावर खरंच औषध करायचं आहे त्यांनी गायींना लस टोचून, रुग्णांवर रीतसर चाचण्या घेऊन, औषधाचा परवाना मागावा. मी स्वतः अशा प्रयोगाला गोठे शोधून देईन, या वयातही.

पौषात आटपाडी तालुक्यात खरसुंडीला जनावरांची यात्रा भरते. खिलार बैलांच्या दावणी ओलांडून पुढे गेलं की स्टॉल लागतात. तुमच्या सांगली कार्यालयातला एक निरीक्षक तिथे साध्या कपड्यात पाठवा. त्याने फक्त गुडघा दुखतो म्हणायचं आणि समोरचा काय काय सांगतो ते मोबाईलवर टिपून घ्यायचं. सोबत कुणी जाणकार हवा असेल तर मला निरोप द्यावा.

आपला,
एक निवृत्त पशुधन विकास अधिकारी
सांगली जिल्हा

प्रत माहितीसाठी : मा. मंत्री, पशुसंवर्धन, महाराष्ट्र राज्य